जुन्या मोटारीची नवी ठिणगी

मोटार पेट्रोलवर चालते, असें आपण नेहमी म्हणतों. हें म्हणणें खरें असलें तरी अर्धेंच खरें आहे. टाकी कांठोकांठ भरलेली असली, पण योग्य क्षणीं व योग्य ठिकाणीं एक लहानशी ठिणगी पडली नाहीं, तर तें सर्व पेट्रोल पाण्याइतकेंच निरुपयोगी होय. ही ठिणगी जुन्या मोटारींत कशी उत्पन्न होते, तिच्या कामांत कालांतरानें कोणते दोष शिरतात, आणि ते दूर करण्यासाठीं अशा मोटारींना हल्लीं जो इलेक्ट्रॉनिक संच बसवितात तो काय करतो व काय करीत नाहीं, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय गॅरेजांतला वाटला तरी तो समजण्यास शाळेंत शिकविल्या जाणाऱ्या पदार्थविज्ञानापलीकडे कांहीं लागत नाहीं.

उदाहरणासाठीं आम्ही 'प्रीमियर पद्मिनी' ही मोटार घेतों. इटलींतील फियाट कंपनीच्या परवान्यानें ही मोटार मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होत असे. १९६४ सालीं ती 'फियाट ११०० डिलाइट' ह्या नांवानें निघाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी' ह्या नांवानें विकली जाऊं लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिनें लक्षावधि उतारूंची ने-आण केली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सींपैकीं शेवटची रस्त्यावरून निवृत्त झाली. तथापि खासगी मालकांनीं जपून ठेविलेल्या पद्मिनी अद्यापि पहावयास मिळतात. वडिलांनीं काटकसर करून घेतलेली, घरांतील मुलांनीं जिच्या मागच्या बैठकीवर बसून आजोळ पाहिलें, अशी मोटार म्हणजे घरच्यांच्या दृष्टीनें केवळ लोखंड नव्हे. हीच मोटार घाटांतील ऐन चढावर आचके देऊन थांबली, म्हणजे मालकापुढें प्रश्न उभा राहतो. हिचें जुनें यंत्र आहे तसेंच सांभाळावें, कीं त्यांत नवें घालावें? आणि नवें घातलें, तर ती वडिलांची मोटार राहिली काय? ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर पहिल्याच्या उत्तरांत दडलेलें आहे, असें आम्हांस वाटतें. म्हणून प्रथम यंत्राकडे वळूं.

पद्मिनीच्या इंजिनांत चार सिलिंडर असतात. प्रत्येकांत एक दट्ट्या वरखालीं होतो, व त्याच्या चार खेपांत एक काम पुरें होतें. पहिल्या खेपेंत हवा व पेट्रोलची वाफ ह्यांचें मिश्रण आंत ओढलें जातें, दुसरींत तें दाबलें जातें, तिसरींत तें पेटून दट्ट्यास खालीं ढकलतें, आणि चवथींत जळका धूर बाहेर जातो. दुसरी खेप संपतां संपतां ठिणगी पडावयास पाहिजे. चार खेपांत क्रँकचे दोन फेरे होतात. म्हणजे चार सिलिंडर मिळून क्रँकच्या दर फेऱ्यास दोन ठिणग्या लागतात. इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असेल, तर मिनिटास ६००० म्हणजे सेकंदास १०० ठिणग्या झाल्या. त्याच गतीनें क्रँक सेकंदाच्या हजाराव्या भागांत १८ अंश फिरतो. तेव्हां ठिणगी सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकी जरी उशिरां पडली, तरी क्रँक ९ अंश पुढें निघून गेलेला असतो. ठिणगीस उशीर झाला कीं मिश्रणाचा जोर दट्ट्यावर न पडतां धुराबरोबर फुकट जातो व इंजिन तापतें. ती फार लवकर पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यावर उलटा मार बसून इंजिन ठोके देऊं लागतें. विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं ठिणगी पडणें हें अर्धें काम, व ती वेळेवर पडणें हें उरलेलें अर्धें काम होय.

आतां ही ठिणगी यावी कोठून? मोटारीची बॅटरी अवघी १२ व्होल्टांची. सिलिंडरांत दाबल्या गेलेल्या मिश्रणांतून प्लगची फट ओलांडून जाण्यास तर कित्येक हजार व्होल्टांचा दाब लागतो. बाराचे कित्येक हजार करण्याची युक्ति मनुष्यास १८३१ सालीं लागलेल्या शोधांतून सांपडली. त्या वर्षीं मायकेल फॅरडे ह्यांनीं असें दाखवून दिलें कीं, तारेच्या वेटोळ्याजवळील चुंबकीय क्षेत्र बदललें असतां त्या वेटोळ्यांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. क्षेत्र नुसतें असून भागत नाहीं. तें बदललें पाहिजे, आणि जितकें जलद बदलेल तितका दाब अधिक. हे फॅरडे लहानपणीं पुस्तकें बांधणाऱ्याकडे उमेदवारी करीत असत, व जन्मभर भाविक ख्रिस्ती होते, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. पुढें १८३६ सालीं आयर्लंडांतील मेनूथ येथील धर्मविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविणारे धर्मगुरु निकोलस कॅलन ह्यांनीं एकाच लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळीं घेऊन प्रवर्तन-कॉइल तयार केली. प्रत्येक जुन्या मोटारीच्या बॉनेटखालीं जी कॉइल असते ती त्या धर्मगुरूच्या कॉइलचीच वंशज होय.

मोटारीच्या कॉइलमध्यें बाहेरील वेटोळें जाड तारेचें व थोड्या वेढ्यांचें असतें, आणि आंतील वेटोळें केसासारख्या बारीक तारेचें व हजारों वेढ्यांचें असतें. बॅटरीचा प्रवाह जाड वेटोळ्यांतून वाहूं दिला, म्हणजे गाभ्याभोंवतीं चुंबकीय क्षेत्र सांठतें. मग तो प्रवाह एकाएकीं तोडावयाचा. सांठलेलें क्षेत्र तत्क्षणीं कोसळतें, आणि त्या कोसळण्यानें बारीक वेटोळ्यांत दहा-वीस हजार व्होल्टांचा दाब क्षणभर उत्पन्न होतो. नळाची तोटी एकदम बंद केली असतां आंतील वाहतें पाणी अडून नळ धाडकन् वाजतो, हा अनुभव सर्वांस आहे. येथेंही प्रकार तसाच आहे. म्हणजे ठिणगी प्रवाह सुरू केल्यानें पडत नसून तो तोडल्यानें पडते. हें एक वाक्य ज्यास समजलें त्यास पुढील सर्व भाग सोपा आहे.

प्रवाह तोडण्याचें हें काम बॅटरीवर चालणाऱ्या सुटसुटीत योजनेनें करून दाखविण्याचें श्रेय अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग ह्या इंजिनिअरास आहे. त्यांची योजना १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत प्रथम बसविण्यांत आली. ओहायो संस्थानांतील डेटन शहरीं त्यांनीं जी कंपनी काढिली तिच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून 'डेल्को' हा शब्द बनला. आपल्याकडील मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला 'डेल्को' म्हणतात तें ह्याचमुळें. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वींच्या एका परदेशी कंपनीचें नांव आपल्या गॅरेजांत असें घरचें होऊन बसलें आहे.

ह्या डेल्कोचें झांकण काढून आंत पाहिलें असतां मध्यें एक दांडा दिसतो. तो क्रँकच्या निम्म्या गतीनें फिरतो, व त्यास चार कंगोरे असतात. दांड्याशेजारीं दोन लहान धातूच्या टिकल्या समोरासमोर टेकलेल्या असतात. ह्यांनाच पॉइंट म्हणतात. त्यांपैकीं एक स्थिर असते व दुसरी स्प्रिंगच्या पट्टीवर असते. ह्या पट्टीस कठीण फायबरची एक टांच असते, व ती कंगोऱ्यावर घासत राहते. कंगोरा आला कीं टांच ढकलली जाते, पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो आणि ठिणगी पडते. कंगोरा गेला कीं पॉइंट पुन्हां मिटतात व कॉइल पुढच्या ठिणगीसाठीं भरूं लागते. पॉइंटच्या जोडीस कंडेन्सर नांवाची लहान डबी असते. पॉइंट उघडतांना प्रवाह फटींतून उडी मारूं पाहतो. कंडेन्सर त्यास क्षणभर आसरा देतो, त्यामुळें टिकल्या जळत नाहींत व प्रवाह झटकन् तुटतो. दांड्याच्या टोंकावर रोटर बसविलेला असतो. तो कॉइलकडून आलेला मोठा दाब १, ३, ४, २ ह्या क्रमानें चार सिलिंडरांच्या प्लगांस वांटून देतो. दांड्याच्या खालच्या अंगास स्प्रिंगांनीं बांधलेलीं दोन वजनें असतात. गति वाढली कीं तीं बाहेर फांकतात, आणि कंगोरे थोडे पुढें सरकवून ठिणगी लवकर पाडतात. अशी ही सर्व रचना हाताच्या ओंजळींत मावेल एवढ्या डबींत आहे, आणि ती डोळ्यांनीं पाहतां येते, हातानें दुरुस्त करितां येते, हा तिचा मोठा गुण होय.

परंतु जें घासतें तें झिजतें. फायबरची टांच दर किलोमीटरास थोडी थोडी झिजते. ती झिजली कीं कंगोऱ्यास ती उशिरां लागते, पॉइंट उशिरां व कमी उघडतात, आणि ठिणगीची वेळ मागें पडत जाते. टिकल्यांवर एकीकडे खड्डा व दुसरीकडे टेंगूळ येतें. पॉइंटमधील फट बहुतेक मोटारींत ०.३५ ते ०.५ मिलिमीटर इतकी असावी लागते. ह्या केसाएवढ्या मापावर सगळ्या इंजिनाची मदार असल्यानें दर कांहीं हजार किलोमीटरांस ती फीलर गेजनें तपासावी लागते. आणखी असें कीं, दांडा ज्या बुशांत फिरतो ती बुश झिजली म्हणजे दांडा डगमगूं लागतो. मग चारही कंगोऱ्यांवर फट सारखी राहत नाहीं, व एका सिलिंडराची ठिणगी वेळेवर तर दुसऱ्याची अवेळीं पडते. मालकास एवढेंच कळतें कीं गाडी 'मिसिंग' करते.

ह्या झिजेवर उपाय आला तो दोन शोधांच्या संयोगानें. पहिला शोध १८७९ सालचा. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत शिकत असतां एडविन हॉल ह्यांस असें आढळलें कीं, प्रवाह वाहत असलेल्या सोन्याच्या पातळ वर्खावर चुंबकीय क्षेत्र लाविलें असतां वर्खाच्या दोन कडांमध्यें किंचित् विद्युद्दाब दिसूं लागतो. अर्थात् चुंबक जवळ आला कीं नाहीं हें त्यास स्पर्श न करितां कळूं शकतें. दुसरा शोध १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत लागला. जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन ह्यांनीं ट्रान्झिस्टर सिद्ध केला, आणि विल्यम शॉकली ह्यांच्यासह त्यांस १९५६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ट्रान्झिस्टर हा असा दरवाजा आहे कीं जो लहानशा इशाऱ्यानें मोठा प्रवाह सोडतो व तोडतो, आणि ज्यांत हलणारा भाग मुळींच नाहीं. क्रायस्लर कंपनीनें १९७३ च्या नमुन्यांपासून आपल्या अमेरिकन मोटारींत पॉइंटऐवजीं इलेक्ट्रॉनिक योजना सरसकट घातली, आणि पुढें इतर कारखानदारही त्याच वाटेनें गेले.

जुन्या मोटारीसाठीं मिळणारा संच बहुधा असा असतो. चार लहान चुंबक बसविलेलें एक कडें दांड्याच्या कंगोऱ्यांवर घट्ट बसतें, व पॉइंटच्या जागीं काळ्या रंगाचा एक भरीव ठोकळा स्क्रूनें आंवळला जातो. त्या ठोकळ्यांत हॉल ह्यांच्या तत्त्वावरचा सेन्सर व ट्रान्झिस्टर असतात. कडें फिरूं लागलें कीं एकेक चुंबक सेन्सरपुढून जातो, सेन्सर ट्रान्झिस्टरास इशारा देतो, आणि ट्रान्झिस्टर कॉइलचा प्रवाह तोडतो. कांहीं घासत नाहीं, म्हणून कांहीं झिजत नाहीं. आज लाविलेली वेळ वर्षानंतरही बहुतेक तीच राहते. कंडेन्सरचें पॉइंट वांचविण्याचें कामही उरत नाहीं.

येथें एका गैरसमजाचें निरसन करणें आम्ही अवश्य समजतों. ह्या संचानें मोटारीची शक्ति वाढते, पेट्रोल निम्में लागतें, अशा गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. वस्तुस्थिति अशी कीं, कॉइल तीच व तिच्यांतून जाणारा प्रवाह तोच ठेविला, तर ठिणगीचा जोरही सामान्यतः तोच राहतो. नीट लाविलेल्या नव्या पॉइंटवर मोटार जशी चालते तशीच ती संचावर चालेल. भेद एवढाच कीं पॉइंटवर ती कांहीं हजार किलोमीटरांनीं तशी राहणार नाहीं, व संचावर राहील. लाभ शक्तीचा नसून सातत्याचा आहे. तसेंच कॉइल, प्लग, तारा, रोटर, झांकण, पुढें-मागें करणारीं वजनें, बॅटरी ह्यांपैकीं कशाचेंही काम हा संच करीत नाहीं. तो केवळ एका जागचा एक चाकर बदलतो.

म्हणूनच नवें बसविण्यापूर्वीं जुन्याची पूर्ण तपासणी झाली पाहिजे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची पद्मिनी थंड असतां उत्तम चाले, व तासाभरानें आचके देऊं लागे. पॉइंट गेले आहेत, इलेक्ट्रॉनिक संच घालून टाका, असा सल्ला त्यांस ज्यानें त्यानें दिला, व त्यांनीं तो संच विकतही आणिला. बसविण्यापूर्वीं मोटार तापवून, पॉइंट मिटलेले ठेवून व किल्ली चालू करून आम्हीं व्होल्टमीटरनें दाब मोजून पाहिला. बॅटरीपाशीं १२ व्होल्ट होते, आणि कॉइलच्या धन टोंकापाशीं जेमतेम साडेआठ. मधले साडेतीन व्होल्ट गेले कोठें? वायरचा माग काढीत किल्लीच्या स्विचमागें पोंचतांच एक सैल व काळवंडलेला सांधा सांपडला. तो तापला कीं त्याचा रोध वाढत असे. सांधा घासून पुसून नवा केला, आणि जुन्या पॉइंटवरच गाडी तापल्यावरही सुरळीत चालूं लागली. संच त्यांनीं नंतर बसविला, व तो उत्तम चालत आहे. पण त्या सांध्याकडे दुर्लक्ष करून तो आधीं बसविला असता, तर अपुऱ्या दाबावर तो पॉइंटपेक्षांही आधीं मुका झाला असता, आणि दोष बिचाऱ्या नव्या वस्तूस लागला असता. रोग ओळखल्यावांचून औषध देऊं नये, हा वैद्याचा नियम मिस्त्र्यासही तितकाच लागू आहे.

आतां प्रत्यक्ष बसविण्याची कृति क्रमानें सांगतों. प्रथम आपल्या मोटारींत बॅटरीची कोणती बाजू सांगाड्यास जोडलेली आहे हें पहावें. पद्मिनींत ऋण बाजू सांगाड्यास असते. परंतु जुन्या इंग्रजी मोटारींपैकीं पुष्कळांत धन बाजू तशी जोडलेली असे. संच ह्या दोन प्रकारांसाठीं निरनिराळे असतात, आणि उलट जोडलेला ट्रान्झिस्टर एका क्षणांत जळून जातो. नंतर कॉइलच्या तारा सोडवून तिच्या जाड वेटोळ्याचा रोध मोजावा. ओहमच्या नियमानें १२ व्होल्टांस ३ ओहम रोध असेल तर प्रवाह ४ अँपिअर, व दीड ओहम असेल तर ८ अँपिअर होतो. चार सिलिंडरांच्या पुष्कळ संचांस सुमारें ३ ओहमांची कॉइल लागते. आपल्या संचाबरोबरच्या पुस्तिकेंत जो आंकडा दिला असेल त्याहून कमी रोधाची कॉइल कदापि जोडूं नये.

मग इंजिन हातानें फिरवून पुलीवरील खूण वेळेच्या खुणेशीं जुळवावी, व रोटरचें तोंड पहिल्या सिलिंडराच्या तारेकडे असल्याची खात्री करावी. प्लगच्या तारांचा क्रम लिहून ठेवावा अथवा त्याचें छायाचित्र घ्यावें. बॅटरीची तार सोडावी. रोटर, पॉइंट व कंडेन्सर काढून तळाची पाटी स्वच्छ पुसावी. दांडा दोन बोटांत धरून आडवा हलवून पहावा. तो उघड डगमगत असेल तर आधीं बुश बदलावी, कारण चुंबकाचें कडें दांड्याबरोबरच डगमगतें. वजनें मोकळेपणीं फांकतात व परत येतात कीं नाहीं हें पाहून त्यांस तेलाचा एखादा थेंब द्यावा. पाटीस सांगाड्याशीं जोडणारी बारीक लवचिक तार शाबूत असलीच पाहिजे. ती तुटकी असल्यास संच कधीं चालतो, कधीं थांबतो, आणि कारण लवकर सांपडत नाहीं.

ह्यानंतर ठोकळा पॉइंटच्या जागीं आंवळावा, कडें दांड्यावर दाबून बसवावें, व वर रोटर घालावा. कडें व ठोकळा ह्यांत पुस्तिकेंत सांगितल्याइतकी फट ठेवून दांडा हातानें पूर्ण फिरवून पहावा. कोठेंही घासतां कामा नये. ठोकळ्याच्या दोन तारा जुन्याच छिद्रांतून रबरी वेष्टणासह बाहेर काढाव्या, म्हणजे पत्र्याच्या धारेनें त्या कापल्या जाणार नाहींत. एक तार कॉइलच्या धन टोंकास व दुसरी ऋण टोंकास जाते; कोणत्या रंगाची कोठें, हें निरनिराळ्या कारखानदारांचें निरनिराळें असल्यानें पुस्तिकेवरच विसंबावें. मोटारींत कॉइलपूर्वीं वेगळा रोध घातलेला असेल, तर संचाची धन तार बहुधा त्या रोधाच्या आधीं जोडावयाची असते, कारण संचास पुरते १२ व्होल्ट मिळाले पाहिजेत. प्लगच्या तारा नुसत्या तांब्याच्या असतील तर त्या बदलून रेडिओची खरखर थांबविणाऱ्या, रोध असलेल्या तारा घालाव्या. त्या खरखरीनें सेन्सरचीही फसगत होते.

शेवटीं वेळ लावणें राहिलें. पॉइंटची फट व त्यांपाशीं लाविलेला टेस्ट लॅम्प पाहून वेळ लावण्याची जुनी रीत येथें उपयोगी पडत नाहीं, कारण उघडतांना दिसेल असें आतां कांहीं राहिलेलेंच नसतें. इंजिन सुरू करून मंद गतीवर ठेवावें, व ठिणगीबरोबर लुकलुकणारा टायमिंग लाइट पुलीवर धरावा. खूण मोटारीच्या पुस्तकांत सांगितलेल्या अंशावर स्थिर दिसेपर्यंत डेल्कोचें अंग हळू हळू फिरवावें, आणि मग त्याचा पट्टा आंवळावा. नंतर इंजिनाची गति वाढवून खूण पुढें सरकते कीं नाहीं हेंही पहावें. न सरकली तर खालचीं वजनें अडकलीं आहेत असें समजावें. हीं कामें करितांना गळ्यांतील उपरणें, सैल बाही व हात फिरत्या पंख्यापासून दूर ठेवावे, आणि चालू इंजिनाच्या प्लगच्या तारांस हात लावूं नये, हें विद्यार्थ्यांस निराळें सांगावयास नकोच.

संच बसविल्यावर दोन पथ्यें पाळावीं लागतात. इंजिन बंद असतां किल्ली चालू ठेवून बसूं नये. तशा स्थितींत प्रवाह एकसारखा वाहत राहून कॉइल व संच तापतात, व ज्या संचांत त्यावर उपाय केलेला नसतो ते जळतातही. दुसरें, बॅटरी सशक्त ठेवावी. बॅटरी मंद झाली तरी पॉइंट थोडीफार ठिणगी देतात, व गाडी ढकलून सुरू करितां येते. परंतु दाब एका मर्यादेखालीं गेला कीं संच अगदींच स्तब्ध होतो. ह्यांतच जुन्या व नव्याच्या स्वभावांतील भेद दिसून येतो. पॉइंट बिघडतात ते हळू हळू, पूर्वसूचना देऊन. ते पॉलिश पेपरनें घासून रस्त्याच्या कडेला दुरुस्त करितां येतात. संच वर्षानुवर्षें तक्रार करीत नाहीं, पण बिघडला तर एकाएकीं बिघडतो, आणि त्या काळ्या ठोकळ्यापुढें अत्यंत कुशल मिस्त्रीही कांहीं करूं शकत नाहीं. ह्यास्तव काढलेले पॉइंट व कंडेन्सर टाकून न देतां, पुसून, कागदांत गुंडाळून, एक पेचकस व फीलर गेज ह्यांसह मोटारींतच ठेवावे. घाटांत प्रसंग आला तर ज्यास तीं बसवितां येतात तो अर्ध्या तासांत मार्गस्थ होतो. ज्यास येत नाहींत त्यास साह्याची वाट पहात बसावें लागतें.

आतां आरंभींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊं. जुन्या वस्त्रास नव्या कापडाचें ठिगळ लावूं नये, असा दृष्टांत शुभवर्तमानांत आहे, व आमचे कांहीं स्नेही तो जुन्या मोटारींच्या बाबतींत आम्हांस ऐकवितात. दृष्टांताचा विषय अर्थातच यंत्राहून फार मोठा आहे. पण त्यांतील व्यवहारज्ञान घ्यावयाचें तर तें असें कीं, ठिगळानें जुनें वस्त्र अधिक फाटतें काय हें पहावें. प्रस्तुत संच बसवितांना जुन्या मोटारीस एकही नवें छिद्र पाडावें लागत नाहीं, एकही मूळचा भाग कापावा लागत नाहीं, आणि वाटेल त्या दिवशीं सर्व पूर्ववत् करितां येतें. ज्या फेरफारानें जुनें नष्ट होतें तो, आणि ज्यानें जुनें वापरांत राहतें तो, ह्यांत मोठें अंतर आहे. प्रदर्शनांत मांडून ठेवावयाची, कारखान्यांतून निघाली तशीच राखावयाची मोटार असेल, तर तिचे पॉइंट तिला शोभतात, व ते तसेच राहूं द्यावे. परंतु जी मोटार आजही घरच्या माणसांस घेऊन रस्त्यावर जावयाची आहे, ती वाटेंत न थांबणें हाच तिचा मान होय. अशा मोटारींत हा संच घातल्यानें वडिलांची मोटार परकी होत नाहीं. ती परकी होते ती आपण तिचें झांकण कधींच न उघडल्यामुळें.

आम्हांस ह्या विषयाचें महत्त्व वाटतें तें ह्याच कारणानें. आजचीं बहुतेक यंत्रें भरीव काळ्या ठोकळ्यांसारखीं झालीं आहेत. तीं काम चोख करितात, पण आंत काय चाललें आहे हें दाखवीत नाहींत. जुन्या मोटारीच्या डेल्कोंत मात्र फॅरडे, कॅलन व केटरिंग ह्यांचें सारें शास्त्र उघड्या डोळ्यांनीं पाहतां येतें. ज्या विद्यार्थ्यानें पॉइंट एकदां स्वतःच्या हातानें लाविले, त्यास तो काळा ठोकळाही परका वाटणार नाहीं. कारण तो कोणाच्या जागीं बसला आहे व कोणतें काम करीत आहे हें त्यास ठाऊक असतें. आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं ज्यांच्या घरीं अगर शेजारीं अशी एखादी जुनी मोटार असेल, त्यांनीं येत्या सुटींत वडीलधाऱ्यांच्या परवानगीनें, बॅटरीची तार सोडून, डेल्कोचें झांकण उघडून पहावें. दांड्याचे कंगोरे मोजावे, फायबरची टांच किती झिजली आहे तें न्याहाळावें, आणि नवा संच घेण्याचा विचार त्यानंतर करावा.